आईच्या औषधाला जिथे बंदी आहे

"सौदीला जाऊन बघायचं काय असतं गं?" निघायच्या आधी चिपळुणात भेटेल तो मला हेच विचारायचा. मी म्हणायचे, "दिनू."

दिनू म्हणजे दिनेश, माझा धाकटा भाऊ. कुवेतच्या वेशीवर अल खफजी म्हणून गाव आहे, तिथे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर तो फिटर आहे. लग्न त्याचं राहून गेलं ते गेलंच. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती. दिनूनं त्यांना अग्नी दिलेला फोनच्या पडद्यावर बघितला. पुढे विमानं सुरू झाली, पण दिनू आला नाही. दरवर्षी सुट्टी कंपनीला विकून टाकायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." आई आता ऐंशीच्या पुढे गेली. सकाळी उठली की देवाच्या आधी तिचा प्रश्न, "दिनू कधी यायचा?"

शेवटी एक दिवस आईनंच फर्मान काढलं. "तू जा. फोनवर तो खोटं बोलतो. समोर बसलीस तर त्याला खोटं बोलता यायचं नाही. येणार आहे की नाही, एकदाचं विचारून ये."

लेक अमेरिकेत असल्यामुळे माझ्या पासपोर्टवर तिथला व्हिसा होता, त्यामुळे सौदीचा पर्यटक व्हिसा फारशी कटकट न होता मिळाला. खरी कटकट बॅगेची. माझा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे, तेव्हा रिकाम्या हातानं जाणं शक्यच नव्हतं. कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं, फणसपोळी, सगळं भरलं. दिनूचे मित्र यूसुफभाई मूळ श्रीवर्धनचे, खफजीत त्यांचं किराणा दुकान आहे. त्यांनी फोनवर बजावलं होतं, "ताई, मसाल्यात खसखस नको. इथं ती अफूच्या घरची म्हणून धरतात." मी हुशार! खसखशीशिवाय वेगळा घाणा केला, डबा तीनदा हुंगून बघितला आणि शेजारणीला म्हटलं, "बाई, दुसऱ्याच्या देशात जायचं तर त्यांचा कायदा पाळावा."

निघायच्या आदल्या दिवशी आईनं स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. म्हणजे चूर्ण करायला बसली. पोटाचं चूर्ण ही आईची खासियत. तिला ते तिच्या आत्तेसासूनं दिलं. दिनूचं पोट लहानपणापासून नाजूक, जरा काही खाल्लं की बिघडायचं, आणि मग ताकातून ते चिमूटभर चूर्ण. कृती मात्र आईनं कधी कुणाला सांगितली नाही. "औषधाची कृती सांगितली की गुण जातो," हे तिचं ठरलेलं उत्तर. सगळ्या तालुक्याला मसाले विकणारी मी, पण त्या खलात काय पडतं ते मला ठाऊक नव्हतं. दार उघडल्यावर आईनं स्टीलची छोटी डबी माझ्या हातात दिली. "हे त्याच्याच हातात दे. तिथल्या पाण्यानं पोराचं पोट गेलंय अगदी."

दम्माम ते खफजी

दम्मामच्या विमानतळावर मोठी लाल पाटी आहे. अमली पदार्थ आणाल तर देहदंड, अशा अर्थाची. मी ती चष्मा लावून वाचली आणि मनात म्हटलं, बरं आहे बाई, कडक आहेत. आपल्याकडेही असंच पाहिजे.

कस्टममध्ये काळ्या बुरख्यातल्या एका अधिकारी बाईनं माझी बॅग उघडायला लावली. तिचे फक्त डोळे दिसत होते, पण डोळे मोठे बोलके. आमसुलं हुंगून तिनं मान मागे घेतली. मी म्हटलं, "फिश करी." मग तिनं आईची डबी उचलली, कानाशी हलवली. "दिस?" मी म्हटलं, "मदर मेडिसिन," आणि पोटावरून हात फिरवून दाखवला. तिचे डोळे हसले. "माय मदर, सेम," असं म्हणून तिनं डबी जागच्या जागी ठेवली आणि झाकण नीट लागलंय ना तेही बघितलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला फणसपोळी देऊ केली. ती तिनं घेतली नाही.

बाहेर दिनू उभा होता. पाच वर्षांत केस निम्मे पांढरे झालेले, पोट आत गेलेलं. "ताई" म्हणाला आणि माझ्या हातातली बॅग ओढायला लागला. मीही काही कमी नाही. म्हटलं, "अरे, जेवत नाहीस का मेल्या?" आणि मग आम्ही दोघं विमानतळाच्या दारात रडलो. यूसुफभाई गाडी घेऊन आले होते. त्यांनी तेवढा वेळ उगाच टायर बघितले.

सामान डिकीत ठेवताना त्यांनी विचारलं, "ताई, दुसऱ्या कुणाचं पार्सल-बिर्सल नाही ना? आमच्या मोहल्ल्यातला एक जण असंच कुणाचं तरी पाकीट आणून आत बसला. पाकिटात काय होतं ते त्याला बिचाऱ्याला पोलिसांनी उघडल्यावर कळलं."

"छे हो," मी म्हटलं. "सगळं घरचं आहे."

वाटेत तेल कंपनीची एक वसाहत लागली, कुंपणाच्या आत हिरवळ आणि कंपनीच्या बसेस रांगेनं उभ्या. त्यानंतर जे सपाट सुरू झालं ते खफजीपर्यंत. आमच्याकडे दर वळणाला दरी नाहीतर खाडी, इथे रस्त्याला वळणच नाही. मधूनच उंटांचा कळप, मधूनच मिठानं पांढरी पडलेली जमीन, आणि लांबवर तेलाच्या विहिरीचा जाळ. थंडीचे दिवस होते. पेट्रोलपंपावर कागदी पेल्यात करक चहा घेतला, वेलची घातलेला, दाट आणि गोडमिट्ट. पलीकडे एक म्हातारा अरब पिकअपच्या पाठी गोणपाटावर मातकट गोळे मांडून बसला होता. मला वाटलं कणगरं, आपल्याकडे उकडून खातात ते कंद. दिनू म्हणाला, "फगा म्हणतात. पाऊस पडून गेला की वाळूतून वर येतो. आपल्या अळंब्यांच्या जातीचा." मी लगेच घेतला. भाव यूसुफभाईंनी केला आणि म्हाताऱ्यानं "खलास" म्हणून दोन गोळे वर टाकले. म्हणजे घासाघीस आणि वरची भर दोन्ही इथेही चालतात.

समुद्र उलट्या बाजूला

दिनू एरवी कॅम्पात राहतो, एका खोलीत तिघं. माझ्यासाठी त्यानं दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली होती. पडदे नवे, पातेली नवी. गॅसजवळ त्यानं अण्णांचा फोटो ठेवला होता, भिंतीकडे जरासा वळवून. मी विचारलं तर म्हणाला, "वाफ लागते गं."

आईची डबी मी त्याच्या हातात दिली. त्यानं झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. "दुपारी ताक, मागच्या पडवीत अण्णांचा रेडिओ," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, घे की चमचाभर. तर म्हणे, "आज पोट बरं आहे. उगाच कशाला संपवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला समुद्रावर घेऊन गेला. काय सांगू, मला तिथे गरगरलंच. आमचा सूर्य समुद्रात बुडतो. इथे तो समुद्रातून वर येत होता! पाणी तळ्यासारखं शांत, लाट अशी नाहीच. दिनू म्हणाला, "पहिलं वर्षभर मी संध्याकाळी येऊन बसायचो. सूर्य पाठीमागे गावात मावळायचा. मग सवय केली सकाळी यायची."

"कशाला पण?"

"हे पाणी पुढे आपल्याच समुद्राला मिळतं ना."

तेवढं बोलणं निघालंय तोवर मी विचारून घेतलं. "दिनू, घरी कधी येतोस?" तो वाळूत टाच रुतवत राहिला. म्हणाला, "ताई, खरं सांगू? इथे असलो की अण्णा घरी आहेत असं वाटतं. पडवीत बसलेत, रेडिओ लावलाय. मी आलो की तिथे नसतील ते. मला दारातून आत पाय टाकवायचा नाही." तोंडाची इतकी फटकळ मी, पण नुसता त्याचा हात धरून बसले. आईला नेऊन द्यायला हे उत्तर होतं का? तिचं वय थांबणार होतं का त्याच्यासाठी?

शुक्रवारची पंगत

शुक्रवारी सुट्टी. मी दोघांना जेवायला बोलावलं होतं. एक यूसुफभाई, जुम्म्याची नमाज पढून आले. दुसरे मिश्राजी, दिनूच्या खोलीतले, बनारसचे, शुद्ध शाकाहारी. सुरमई तळली, सोलकढी केली, आणि फग्याची सुक्या खोबऱ्याचं वाटण लावून रस्साभाजी. मिश्राजींनी ती तीनदा घेतली. यूसुफभाई म्हणाले, "ताई, अरब लोक हा भातात घालतात नि पाहुण्याला मान म्हणून वाढतात. पण अशी चव त्यांच्या बापजन्मात नसेल." मी अशी फुगले म्हणता!

दिनूनं पाच वर्षांची भूक एका दुपारी भागवली आणि व्हायचं तेच झालं. पोटावर हात ठेवून म्हणाला, "आता मात्र आईचं औषध." ताक घेतलं, डबी उघडली, चमचा भरला. चमचा तोंडाशी गेला आणि मिश्राजींनी खाटकन त्याचं मनगट पकडलं.

"दिनेश भाई, रुकिए. ज़रा दिखाइए." त्यांनी डबी हुंगली, चिमूट बोटांवर चोळून खिडकीच्या उजेडात धरली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "दीदी, ये तो विजया है. भाँग."

"काहीतरीच काय!" मी उसळले. "आईचं औषध आहे ते. जायफळ आहे त्यात. माझं नाक खोटं बोलत नाही."

"जायफल भी है," मिश्राजी म्हणाले. "पर मैं बनारस का हूँ, दीदी."

यूसुफभाई उठले, दाराला कडी लावली, खिडकी ओढून घेतली. दिनूचा चेहरा पांढराफटक. रविवारी त्याला बोटीनं प्लॅटफॉर्मवर जायचं होतं आणि तिथे कुणाचीही, कधीही लघवी तपासतात. आणि ती डबी देशात आणली होती मी, स्वतःच्या हातानं, लाल पाटी वाचून, मान डोलावून!

आईला विचारल्याशिवाय खात्री कशी होणार? फोन लावला. आता फोनवर नाव घ्यायची भीती, म्हणून मी म्हटलं, "आई, चूर्णात काय काय घालतेस गं?"

"का? गुण आला ना?"

"तू आधी सांग."

"सांगितलं की गुण जातो. तुला कितीदा सांगायचं?"

"आई, दिनूसाठी विचारतेय. शपथ आहे. त्यात ती... महाशिवरात्रीला घोटतात ती वस्तू आहे का?"

आईला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे ती ओरडून बोलते. फोन स्पीकरवर. "कोण? भांग? आहे की! त्याशिवाय पोट थांबतं होय? वैद्यांकडून आणते, दुधात उकळून, धुवून, तुपात भाजते. झालं समाधान? गेला आता गुण!" यूसुफभाईंनी झडप घालून फोन बंद केला.

पुढे जे झालं ते आज आठवून हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. डबी संडासात रिकामी केली. दिनू पाण्यामागून पाणी ओतत होता, मी डबी साबणानं घासत होते, मग फिनाइलनं, मग पुन्हा साबणानं. ताकाचा पेलासुद्धा धुतला, बिचाऱ्याचा काय गुन्हा होता! मिश्राजी दाराशी उभे राहून हळहळत होते. "हमारे यहाँ तो सरकारी ठेका है, दीदी. बोर्ड लगा है बाहर. शिवजी का प्रसाद है."

"तुमच्याकडे असेल," मी घासता घासता म्हटलं. "माझी लेक अमेरिकेत राहते, त्या राज्यात तर काचेवर हिरवं पान काढून दुकानात गांजा विकतात. मी गाडीतून बघितलंय, मिठाईच्या दुकानासारखा झगमगाट. आणि पूल ओलांडून शेजारच्या राज्यात शिरलो तर जावई म्हणाले, इथून पुढे तीच पुडी खिशात सापडली की बेडी. मध्ये नुसती एक नदी हो! आणि 'स्वागत असो' अशी पाटी."

"इथं नदीबिदी काही नाही," यूसुफभाई म्हणाले. "चिमूटभर स्वतःपुरती असली तरी तुरुंग, आणि सुटलात की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द, परत या देशात पाऊल नाही. आणि विकायला आणली असं ठरलं ना, तर मानेवर येतं. आईनं दिली म्हणून सांगून कोण ऐकणार?"

मला त्या कस्टमच्या बाईचे डोळे आठवले. "माय मदर, सेम." तिनं झाकण उघडलं असतं तर? मी तिथेच संडासाच्या उंबऱ्यावर बसले. आपल्याकडचं मला मागाहून आमच्या वैद्यांनी समजावलं. झाड एकच. त्याच्या बोंडाला आणि राळेला, म्हणजे गांजा-चरसाला, सगळ्या देशात बंदी. पान मात्र एकेका राज्याच्या मर्जीवर. बनारसला ठेका, महाराष्ट्रात परवाना. आणि तो परवाना वैद्यांचा, आईचा नव्हे.

मित्र गेले. दिनू स्वयंपाकघरात उभा होता, रिकामी डबी हातात घेऊन. हुंगून बघत होता. "फिनाइलचा वास येतोय," म्हणाला आणि ओट्याला टेकून हुंदके द्यायला लागला. अण्णा गेले तेव्हाही तो फोनवर रडला नव्हता. मी त्याला रडू दिलं. त्याच्या आईनं हातानं कुटलेली एक वस्तू पाच वर्षांनी त्याच्यापर्यंत पोचली होती आणि ती त्याला स्वतःच्या हातानं संडासात ओतावी लागली. याला काय म्हणायचं!

तेवढ्यात आईचा फोन. मघाशी मधेच बंद केला म्हणून आधी मला ओरडा बसला. मग म्हणाली, "दिनूला दे. दिनू, घेतलंस का रे औषध? बरं वाटतंय का पोटाला?"

मला वाटलं, आता म्हणेल, घेतलं आई, एकदम बरं आहे. पाच वर्षं तो हेच म्हणत आला होता. जेवलो आई, झोपलो आई, पुढच्या वर्षी आई. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग अण्णांच्या फोटोकडे.

"नाही घेतलं, आई. पोट दुखतंय."

"अरे, मग घे ना!"

"इथे बंदी आहे गं तुझ्या औषधाला. पोलीस धरतात. टाकावं लागलं."

मग आईचा बारीक आवाज आला. इतकं हळू बोललेली ती मला आठवत नाही. "मग आता रे?"

"मग मीच येतो," दिनू म्हणाला. "शिमग्याला येतो. पालखी दारात येईल तेव्हा मी असेन."

आई रडत होती की हसत होती ते कळेना. नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग तिचा नेहमीचा ठणठणीत आवाज. "ये. आणि हे बघ, डबी तेवढी परत आण हो. स्टीलची आहे."

परत

जायच्या दिवशी दिनूनं मला सकाळी पुन्हा समुद्रावर नेलं. सूर्य वर आला. या खेपेला तो समुद्राकडे बघत नव्हता, फोनवर तिकिटं बघत होता. दम्मामला निरोप घेताना आम्ही दोघंही रडलो नाही. यूसुफभाईंनी टायर बघितले नाहीत, माझ्या बॅगेत खजुराचा खोका कोंबला आणि म्हणाले, "हे निवांत न्या, याला कुठल्याच देशात बंदी नाही."

डबी दिनूनं माझ्याजवळ दिली नाही. म्हणाला, आईनं मला आणायला सांगितलीय.

हे लिहितेय तेव्हा शिमगा तोंडावर आलाय. अंगण सारवून झालंय, अण्णांचा रेडिओ आईनं पुसून पडवीत ठेवलाय, सेल नसलेला. काल वैद्यांकडून मी पान नसलेलं औषध आणलं आणि आईला म्हटलं, या वेळी हे दे त्याला, परवान्याची भानगड नको. आईनं पुडी हातात घेतली, उलटसुलट केली, "बरं" म्हणाली, आणि आज सकाळी स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. आतून खलबत्त्याचा आवाज येतोय, जायफळाचा वास येतोय. बाकी कसला येतोय ते मी नाकाला विचारत नाही.

मी दार वाजवलं. "आई, अगं आता कसलं लपवतेस? तुझी कृती अख्ख्या अरबस्तानाला कळली!"

"त्या औषधाचा गुण गेला," आतून आवाज आला. "हे दुसरं आहे."

"बरं, पण चहा ठेवायचाय मला. दार कधी उघडणार?"

खलबत्ता थांबला.

"दिनू आला की," आई म्हणाली.